अंदाजपत्रकाची पहिली ओळ

प्रिय बाळ,

सप्रेम जयभीम.

तुझे पत्र आणि सोबतचा अंदाजपत्रकाचा तक्ता, दोन्ही वाचले. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या मुलांसाठी ढोलकी, हार्मोनियम आणि गाण्याचा वर्ग तुला वाढवायचा आहे, त्यासाठी एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशातले, अनुदान मिळण्याची शक्यता आहे, आणि ‘मानधनाचा आकडा काढून टाका, तो प्रशासकीय खर्चात जातो, त्याऐवजी वाद्ये वाढवा’ असे तिथल्या अधिकाऱ्याने सांगितल्यामुळे तू गोंधळली आहेस. वस्तीतल्या मुलांना संगीत कशाला हवे, हे मी तुला समजावत बसणार नाही. एप्रिलभर गल्लोगल्ली भीमगीते ऐकत तू मोठी झालीस. मला राग आला तो तक्त्याच्या शेवटच्या ओळीचा. बारा ढोलक्या, सहा हार्मोनियम, दहा कीबोर्ड, साउंड सिस्टीम, टी-शर्ट, बॅनर, आणि सगळ्यांत खाली ‘शिक्षक : स्वयंसेवी’. ही ओळ तू आपणहून लिहिलीस की तुझ्याकडून लिहून घेतली?

आधी शिकवणाऱ्याचे मानधन, मग बाकी सगळे. हे वाक्य मी तुला यापूर्वीही ऐकवले आहे आणि या पत्रातही पुन्हा पुन्हा ऐकवणार आहे.

अधिकारी तुला जे सांगतो आहे ते चुकीचे आहे, आणि ते तू त्याला नम्रपणे, पण लेखी दाखवून दिले पाहिजेस. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा, उलाढाल किंवा नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चाला लागू होते. एखादा प्रकल्प राबवण्यासाठी थेट होणारा खर्च तिच्यात धरायचा नाही, असे नियमांतल्या व्याख्येतच म्हटले आहे. मुलांसमोर बसून त्यांच्या हातात ठेका बसवणारा माणूस हे प्रशासन असेल, तर मग प्रकल्प कशाला म्हणायचे? तो नियम छापून अर्जाला जोड.

कंपन्यांना वाद्येच का आवडतात, तेही समजून घे. चालू प्रकल्पासाठी राखलेली नसेल तर न वापरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सरकारने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते, म्हणून फेब्रुवारी उजाडला की एका बिलात संपेल अशा खर्चाचा शोध सुरू होतो. वाद्यांचे बिल एक, फोटो एक, स्टिकर एक. मानधन मात्र दर महिन्याला द्यावे लागते आणि त्याचा फोटो निघत नाही. पण त्याच कायद्यात बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे : सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे तो चालू शकतो आणि त्याची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. ती सोय मागून घे. कुणी आपणहून देऊ करत नाही.

शिवाय तुमचे मंडळ अजून नोंदलेले नाही. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेतल्याशिवाय संस्थेला हे काम मिळत नाही, त्यामुळे तुमचे पैसे दुसऱ्या न्यासामार्फत येणार आणि त्या बारा ढोलक्या त्या न्यासाच्या नोंदवहीत चढणार. उद्या मतभेद झाले तर त्या टेम्पोत घालून नेल्या जातील. ढोलकीवाल्याने मुलांना जे शिकवले ते नेता येणार नाही.

अशा वाद्यांचे पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका अभ्यासिकेतले लोखंडी कपाट पावसाळ्यात उघडले, तर हार्मोनियमच्या भात्याच्या घड्यांत बुरशी धरली होती, गिटारच्या तारा गंजल्या होत्या, आणि ढोलकीवर थाप मारली तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. देणगीदार कंपनीचे स्टिकर तेवढे नव्यासारखे होते. ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, बदलायला पैसे नव्हते, कारण दुरुस्तीची ओळ अंदाजपत्रकात नव्हती. आणि पुडी बदलायला हवी हे ओळखणारा माणूसही नव्हता, कारण त्याला कुणी नेमलेच नव्हते. माझ्या वर्गातले हार्मोनियम शिकवणारे गृहस्थ रात्रपाळीच्या वॉचमनगिरीला गेले, कारण मी त्यांना नियमित काही देऊ शकत नव्हतो. ती सल अजून आहे. त्यानंतर एका मोठ्या कंपनीने वाद्ये देऊ केली, मानधनाला नकार दिला, आणि मी ते अनुदान घेतले नाही. सहकारी चिडले, दोघे सोडून गेले, आजही मला हेकट म्हणतात. म्हणोत. दुकानदारांच्या आणि जयंती समित्यांच्या वर्गणीतून आम्ही एका ढोलकीवाल्याला बाराही महिने मानधन दिले. वर्ग आकसला, पण बंद पडला नाही. आज मुंबईच्या ऑर्केस्ट्रांत आणि जलशांत वाजवणारी त्यातली काही मुले आहेत, तेव्हा माझा हट्ट फुकट गेला असे निदान मला तरी कुणी सांगू नये.

‘बाराही महिने’ हे शब्द मुद्दाम लिहिले. १४ एप्रिलपासून मे अखेरपर्यंत ढोलकीवाल्याला कार्यक्रमांच्या सुपाऱ्या असतात, वर्षाची मोठी कमाई तेव्हाच होते, आणि तो तुझ्या वर्गाला येणार नाही. अनुदानाचा पहिला हप्ता पावसाळ्याआधी क्वचितच हाती पडतो. या मधल्या महिन्यांत वर्ग मोडतात. त्यामुळे मानधन तासावर मागू नकोस, महिन्यावर माग, आणि त्या दीड महिन्यात त्याच्याऐवजी मोठी मुले लहानांना शिकवतील असे ठरवून त्यांनाही थोडे मानधन दे.

तू व्हेनेझुएलाच्या एल सिस्टेमाचे, म्हणजे तिथल्या मुलांना संगीत शिकवणाऱ्या उपक्रमाचे, उदाहरण अर्जात घातले आहेस. होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये ते काम सुरू केले, हे बरोबर. पण तिथे अगदी लहान मुलांच्या हाती आधी कागदाच्या लगद्याची व्हायोलिने देतात, हे का लिहिले नाहीस? खरे वाद्य नंतर येते, शिक्षक पहिल्या दिवसापासून असतो, आणि तो खर्च तिथल्या सरकारने वर्षानुवर्षे उचलला. आपल्याकडे २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारने १८०० भजनी मंडळांना साहित्यखरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर केले. त्याला माझा विरोध नाही, कारण भजनी मंडळाला बुवा आधीपासून असतो. तुझ्या वर्गाला असा बुवा नाही. जो आहे त्याला घरभाडे आहे.

आता तक्ता पुन्हा कर. मानधन पहिल्या ओळीवर, दुरुस्ती आणि पुड्या दुसऱ्या, वर्गासाठी सोसायटीच्या ऑफिसचे भाडे तिसऱ्या. ढोलक्या चार, हार्मोनियम दोन, कीबोर्ड एकही नाही. ‘दोनशे लाभार्थी’ खोडून पंचवीस मुले लिही, कारण एक माणूस तेवढ्यांचाच हात धरू शकतो. टी-शर्ट अधिकाऱ्याला फारच हवे असतील तर राहू देत, त्यावर भांडण नको. तक्ता पाठवण्याआधी ढोलकीवाल्याला दाखव आणि आकडा त्याच्याकडूनच घे. तो संकोचाने कमी सांगेल, तेव्हा त्याच्या बायकोलाही विचार.

तुझा,
सर