रीमिक्स टाकला, आणि कोणी काहीच बोललं नाही

तो माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आला तेव्हा तक्रार झोपेची होती. वय ३१, नाशिकजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, लग्नाला चार वर्षं झालेली. रात्री अडीच-तीनला जाग येते, मग हात फोनकडे जातो, आणि मग झोप गेलीच. फोनवर काय बघता, असं मी विचारलं तर त्यानं बायकोकडे बघितलं.

"सांगा की आता," ती म्हणाली. "त्यांनी केलेलं संगीत किती जणांनी ऐकलं, ते बघत बसतात."

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्यानंच दिली, पण "डग्ग्याचं नीट लिहा" ही अट घालून.)

हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या वेषांत येतो. कोणी कविता टाकतं, कोणी केकचे फोटो, कोणी रियाजाची चित्रफीत. प्रश्न तोच. लोकांसमोर ठेवलं की छातीत धडधडतं, कोणी काही बोललं नाही की वाईट वाटतं, बोललं की त्याहून वाईट वाटतं. मग आपल्यात दम नाही असं समजून सोडून द्यावं का? या गृहस्थाची गोष्ट सांगते, कारण त्याच्यामुळे माझीच या प्रश्नाची समजूत बदलली.

तो व्हिडिओ गेमच्या संगीताचे रीमिक्स करायचा, म्हणजे त्याच चाली आपल्या पद्धतीनं नव्यानं मांडायचा. लहानपणी घरी टीव्हीला लावायचा तो स्वस्तातला गेम होता. पिवळी कॅसेट, वर '९९९९ गेम' असं छापलेलं आणि आत तेच दहा-बारा गेम फिरून फिरून. कॉन्ट्रा, मारिओ, बदकं मारायचा तो बंदुकीचा. त्या चाली डोक्यात बसलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यानं लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत करायचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड घेतला आणि शिफ्ट संपल्यावर रात्री हे सुरू झालं.

मी पहिल्याच भेटीत घोडचूक केली. "म्हणजे ते टुंग टुंग वाजतं ते?" असं विचारून बसले.

खांदे पाडून बसलेला माणूस ताठ झाला. पुढची वीस मिनिटं मी विद्यार्थिनी. १९८५ साली कोजी कोंडो या जपानी संगीतकारानं मारिओचं संगीत केलं तेव्हा तो गेम चालायचा त्या यंत्रात आवाजाचे पाचच मार्ग होते. चाल आणि तिच्या जोडीचा सूर यांना दोन, बेससाठी एक, ठेक्यासाठी खरखर करणारा एक आणि रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांसाठी एक. त्यातल्या बेसच्या मार्गाला आवाज लहानमोठा करायची सोयसुद्धा नाही, एकतर चालू नाहीतर बंद. "एवढ्यात त्यांनी पाण्याखालच्या लेव्हलला वॉल्ट्झ दिला, म्हणजे तीनच्या ठेक्यातला नाच, मॅडम. पोहतोय असं वाटतं." मग ग्रॅमी. २०११ मध्ये ख्रिस्टोफर टिन यांच्या 'बाबा येतू' या रचनेला मिळालेलं हे गेमसाठी केलेल्या संगीताचं पहिलं ग्रॅमी. ती 'सिव्हिलायझेशन ४' या गेमसाठी केलेली, शब्द स्वाहिली भाषेतले.

"आणि तुमचं कुठलं?" मी विचारलं.

खांदे पुन्हा खाली. "माझं काही विशेष नाही."

कोंडोंची बाजू वीस मिनिटं लढवणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल एक वाक्य पुढे नेता येईना. मी वहीत लिहिलं, आत्मविश्वास कमी. चुकीचं नव्हतं ते, पण फारसं उपयोगाचंही नव्हतं.

झोप उडालेली असली की मी आधी बाकीचं तपासते. भूक, कामातलं लक्ष, दिवसभर उदास वाटणं, जगणं नको वाटणं. यातलं काही दोन आठवडे रोज असेल तर मामला मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवा, आणि जगणं नको वाटत असेल तर लगेचच. इथे तसं नव्हतं. कामावर तो चोख होता, जेवत होता, हसत होता. त्रास फक्त रात्रीचा, आणि तोही नवीन काही टाकलं की त्यापुढच्या आठवडाभराचा.

दुसऱ्या भेटीत त्यानं एक रचना ऐकवली. तीच पाण्याखालची चाल, पण तबल्यावर दादऱ्यात. वॉल्ट्झ तीनचा आणि दादरा तीन-तीनचा, त्यामुळे बसतं छान. पुढे बासरी येते. फोन टेबलावर ठेवून त्यानं अंगठा आवाजाच्या बटणावर ठेवला होता, आणि सगळा वेळ तो बोलत होता. "इथे जरा चुकलंय… हे बदलणार आहे… हे सोडा, पुढे ऐका…" एक मिनिट दहा सेकंदांना, नेमकी बासरी येते तिथे, त्यानं ते बंदच केलं.

"मला छान वाटलं," मी म्हणाले. मनापासून.

त्याचा चेहरा उतरला. "बायकोही हेच म्हणते."

थोडी पेटी वाजवते मी, वाईट वाजवते. तरी एवढं कळायला हवं होतं, की ज्याला कान हवाय त्याला कौतुक दिलं तर त्याला एकटंच वाटतं.

मग हळूहळू कळलं की दोन वर्षांत त्यानं चौदा रीमिक्स केले होते आणि त्यातला एकही आता कुठे ऐकायला मिळत नव्हता. टाकायचा, दोन दिवस आकडा बघायचा, आणि आकडा तीसच्या आत राहिला की काढून टाकायचा. या दादऱ्यावर मात्र एक अभिप्राय आला होता. परदेशातल्या कोणा अनोळखी माणसाचा, इंग्रजीत. त्याचा स्क्रीनशॉट त्यानं जपून ठेवला होता. अडीच वाजता उठून बघायचा तो हाच.

"काय म्हणतो तो?"

"मिक्स गढूळ आहे म्हणतो."

"वाचा ना."

त्यानं फोन माझ्याकडे सरकवला. सहा वाक्यं होती. आम्ही ती एकेक करून कागदावर मराठीत उतरवली, लिहिली त्यानंच. पाण्याखालच्या चालीला तबल्याचा ठेका ही कल्पना मला फार आवडली. पण मिक्स गढूळ आहे. तबल्याचा खालचा आवाज आणि बेस एकाच जागी बसलेत, म्हणून दोन्ही धड ऐकू येत नाहीत. १:१० ला बासरी येते ती त्यात हरवते. दोघांपैकी एकाचा तळ कापून बघ. दुरुस्त केलंस की परत टाक, मला ऐकायचंय.

शेवटचं वाक्य लिहून त्याचा पेन थांबला. तीन आठवडे रोज रात्री उघडलेला स्क्रीनशॉट, आणि हे वाक्य त्यानं वाचलेलंच नव्हतं. 'गढूळ'पाशी डोळे अडायचे ते तिथेच.

मी म्हणाले, आता या सहांपुढे खूण करा, कुठलं वाक्य रचनेबद्दल आहे आणि कुठलं तुमच्याबद्दल. सहाही खुणा एकाच बाजूला पडल्या.

इथे मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांकडे वळणार होते. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे, अनेकांनी ऐकलेली असेल. तिचा गाभा साधा आहे. दाद मिळावी ही इच्छा, तिच्यात काही वावगं नाही. दाद मिळालीच पाहिजे, नाहीतर मी फालतू, हा हट्ट, आणि झोप उडवतो तो हट्ट. मी सुरुवात केली तर तो मध्येच म्हणाला, "म्हणजे रिवर्कचा टॅग."

"काय?"

मग त्यानं मला समजावलं. त्यांच्या कारखान्यात जॉब, म्हणजे बनवलेला भाग, तपासला की टॅग लागतो. भंगारात जायचा असेल तर लाल. माप थोडं जास्त आहे, कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहिलीय, म्हणजे पुन्हा काम करून चालणार आहे, तर पिवळा. "मी दिवसाला पन्नास पिवळे लावतो, मॅडम. ऑपरेटर माझ्यावर चिडत नाही. नुसतं 'खराब' लिहिलं तर चिडेल. कुठे किती जास्त आहे ते लिहावं लागतं." थोडं थांबून म्हणाला, "या माणसानं पिवळा लावलाय. मी लाल वाचला."

एलिसना मी त्या दिवशी रजा दिली.

पण नुसतं उमगून भागत नाही. पुढच्या वेळी टाकताना छाती धडधडणारच होती. म्हणून एलिसना परत बोलावलं, त्यांच्या केळ्यासकट. लोक काय म्हणतील या भीतीनं अडलेल्या माणसांना एलिस मुद्दाम काहीतरी हास्यास्पद करायला सांगायचे. त्यातला प्रसिद्ध प्रकार म्हणजे केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यातून फिरवायचं. लोक बघतात, हसतात, पुढे जातात, आणि आपण शिल्लक राहतो. हे ऐकून तो मोठ्यांदा हसला. कॉलेज रोडवर केळं फिरवायला मात्र ठाम नकार. मग त्याचं केळं त्यानंच ठरवलं. पंचेचाळीस सेकंदांचा अर्धवट तुकडा, नावातच 'कच्चं काम' असं लिहून टाकायचा आणि तीस दिवस काढायचा नाही. सोबत 'कसं वाटलं?' असं विचारायचं नाही. एकच प्रश्न, तोही ज्याचं उत्तर कानानं देता येईल असा.

'कसं वाटलं?' या प्रश्नावर माझा राग आहे, हे कबूल करते. विचारणाऱ्याला त्यात 'मी कसा आहे?' ऐकू येतं आणि उत्तर देणाऱ्याला काय बोलावं ते कळत नाही. मग तो 'मस्त' म्हणतो किंवा गप्प बसतो. घरच्या बैठकीत बरं असतं. समेवर मान हलते, कोणी 'क्या बात है' म्हणतं, गाणाऱ्याला जागच्या जागी कळतं. रात्री एकट्यानं हेडफोन लावून केलेलं काम अनोळखी लोकांसमोर टाकलं की ती मान दिसत नाही. दिसतो फक्त आकडा, आणि आकड्याला कान नसतात.

या छंदातल्या लोकांनी यावर आपापले मार्ग काढलेले आहेत, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स नावाचं संकेतस्थळ डेव्हिड लॉइड यांनी १९९९ मध्ये सुरू केलं. तिथे पाठवलेली रचना परीक्षक ऐकतात आणि नाकारली तर का नाकारली ते लिहितात. मूळ चाल ओळखू आली पाहिजे, पण नुसती नक्कल चालत नाही. बंदिशींच्या चालींवर नाट्यपदं बांधलेली ऐकत वाढलेल्या आपल्याला ही अपेक्षा परकी वाटू नये. मी त्याला विचारलं, तुम्ही तिथे पाठवणार का? "अजून नाही. आधी डग्ग्याचं बघतो."

तिसऱ्या भेटीनंतर दिलेला गृहपाठ मात्र मी अंदाजानं दिला होता, आणि काम केलं ते त्या गृहपाठानंच. आठवड्यात दुसऱ्यांचे पाच रीमिक्स पूर्ण ऐकायचे आणि प्रत्येकाला तीन ओळी लिहायच्या. काय आवडलं, कितव्या सेकंदाला कान अडला, काय करून बघता येईल. चौदा रीमिक्स करणाऱ्या या माणसानं दोन वर्षांत दुसऱ्या कोणालाही एक ओळ लिहिलेली नव्हती. यात त्याचा कद्रूपणा नव्हता. मी कोण सांगणारा, असं त्याला वाटायचं.

तो आला तो थोडा ओशाळलेला. "पाच ऐकले. लिहिलं दोघांनाच."

"बाकीचे तीन आवडले नाहीत?"

"दोन ठीक होते. जेवण वाढलं म्हणून हाक आली, राहून गेलं. आणि एक…" तो कपाळ चोळत म्हणाला, "एक इतका भारी होता की काय लिहावं तेच सुचेना. तीनदा ऐकला. मग बंद केला."

मी काही बोलले नाही. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. तोच थोड्या वेळानं म्हणाला, "त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल?"

"काय वाटलं असेल?"

"की कोणाला आवडलं नाही."

त्या रात्री त्यानं त्या तिसऱ्याला लिहिलं. अडीचला जाग आली होती, पण फोन उघडला तो हे लिहायला, असं बायकोनं नंतर सांगितलं. मला ते फार प्रगतीचं लक्षण वाटलं. तिला वाटलं नाही, आणि तिचंही बरोबर होतं. म्हणून आम्ही फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचं ठरवलं. सगळी कोडी मनातली नसतात, काही चार्जरच्या जागेची असतात.

'कच्चं काम' त्यानं टाकलं. तीस दिवसांत एकोणीस जणांनी ऐकलं, म्हणजे जुन्या हिशोबानं काढून टाकण्याजोगंच. दोघांनी उत्तर दिलं. एकानं त्याला नको असलेलाच सल्ला दिला, तबला काढून ड्रम घाल म्हणे. पूर्वी यावर दोन रात्री गेल्या असत्या. या वेळी तो म्हणाला, "त्याला ड्रम आवडतात, त्यानं घालावेत." प्रत्येक पिवळा टॅग मानायलाच हवा असं नाही, हे मला त्याला सांगावं लागलं नाही. धडधड होतेच अजून, पण कमी वेळ टिकते म्हणतो.

शेवटच्या भेटीला तो छोटे स्पीकर घेऊन आला, कारण "फोनवर डग्गा कळत नाही." माझ्या टेबलावरची टिश्यूची पेटी बाजूला सरकवून ते मांडले, नीट अंतर मोजून. त्या परदेशी माणसाला पाठवायच्या आधी मी ऐकावं, असं त्याला वाटत होतं. या वेळी तो एक अक्षर बोलला नाही. दादरा सुरू झाला, बेस आता कुठेतरी मागे गेला होता, डग्ग्याची घुमारी मोकळी झाली होती. १:१० आला आणि गेला. संपल्यावर त्यानं खिशातून वही काढली.

"बासरी नीट ऐकू आली का?"

मी आठवून बघितलं. "सुरुवातीला नाही. चार-पाच सेकंदांनी लक्षात आलं की वाजतेय."

"हं," तो म्हणाला, आणि लिहून घेतलं.