९ फुटी गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवायचीय? आधी टेप काढ

अरे बाबा, लिफ्टचे फोटो नंतर बघ, आधी टेप घेऊन गॅरेजात जा आणि स्लॅबपर्यंत नाही, बीमच्या खालच्या कडेपर्यंत माप घे, शटरचा रोल नि पंखा पण धरायचा. समजा ९ फूट आले, तुझी स्विफ्ट साधारण ५ फूट, वर अर्धा फूट मोकळा सोडला तर गाडी साडेतीन फूटच उचलता येईल, आणि बॉनेट उघडून काम करायचं तर त्याहून कमी.

म्हणजे दोन खांबांवाली मोठी लिफ्ट विसर, तिला ११-१२ फूट लागतात. तुला मिड-राइज सिझर, म्हणजे कात्रीसारखी उघडत गाडी अर्ध्या उंचीपर्यंत उचलणारी लिफ्ट बरी, टायर-ब्रेकला मस्त, फक्त गिअरबॉक्स काढताना मधली कात्री आडवी येते.

खरी गोम जमिनीत. आपल्याकडे किनाऱ्यावर जुन्या घरात चिऱ्यांच्या भरावावर दीड-दोन इंच कोबा नि वर टाइल्स, त्यात लिफ्ट जमिनीला घट्ट धरणारे अँकर बोल्ट मारलेस तर गेलास! किमान ४ इंच चांगलं काँक्रीट पाहिजे, नवीन घातलंस तर २८ दिवस थांब, घाई नको. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. आणि पावसाळ्यात दर महिन्याला लिफ्टच्या पिना नि गाडी वर अडकवून धरणारा लॉक पुसून ग्रीस लाव, खारा वारा काही सोडत नाही. लॉक पडल्याशिवाय गाडीखाली शिरू नको हां.