आमटीतली पुडी

"मॅडम, त्यांना न कळता काही देता येईल का?"

व्यसनमुक्तीच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. विचारताना आवाज खाली येतो आणि नजर एकदा दाराकडे जाऊन येते. एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता' असं लिहिलेलं असतं, खाली मोबाईल नंबर. एम्सच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतात. बाकीच्या ३७ घरांना तो भिंतीवरचा नंबरच काय तो दिसतो. म्हणून असं विचारणाऱ्या बाईला मी कधी रागावत नाही. तिला एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि सांगायला ताई आणि त्यांचा नवरा, दोघांचीही परवानगी आहे.

ताई आल्या तेव्हा त्यांच्या हातात वहीच्या कागदात गुंडाळलेल्या सात पुड्या होत्या. मुळात होत्या एकवीस. साडेतीन हजार रुपये, मंगळसूत्रातले दोन मणी मोडून भरलेले. "रोज एक, आमटीत किंवा चहात," असं फोनवरच्या माणसानं सांगितलं होतं. पुडीवर ना नाव, ना तारीख, ना आत काय आहे ते. चौदाव्या दिवशी नवरा कारखान्यातून सुटल्यावर नेहमीसारखी एक चपटी मारून घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या थांबेनात. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा ब्लडप्रेशर खूप खाली गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध चालू आहे का?" ताई गप्प राहिल्या. "मॅडम, त्या वेळी मी बोलले नाही," एवढं सांगून त्या माझ्यासमोर बराच वेळ रडल्या.

पुडीत नक्की काय होतं ते आम्हाला कळलं नाही. लक्षणं मात्र डायसल्फिरामसारखी होती. ते खरं औषध आहे, १९४८ पासून दारूच्या उपचारात वापरलं जातं. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं आणि मग ते विष मोडून टाकतं. ही दुसरी पायरी डायसल्फिराम बंद पाडतं. विष साचत जातं आणि माणसाचं जे होतं ते ताईंनी उंबऱ्यात पाहिलं. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. शिवाय गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच लिव्हर आणि हृदय तपासून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या होकारानंच डॉक्टर ती देतात. ज्याला आपल्या पोटात काय आहे हेच ठाऊक नाही, तो ग्लास बाजूला का ठेवेल?

मला त्याहून मोठं नुकसान दुसरंच दिसत होतं. आमटी कडू लागते, हे नवऱ्याच्या आठवड्याभरातच लक्षात आलं होतं. तो घरी जेवेनासा झाला. बायको आपल्याला विष घालतेय, असं त्यानं मित्राला सांगितलं होतं. दारूच्या नशेत माणूस असे संशय घेतो हे खरं, पण या वेळी त्याचा संशय बरोबर होता.

त्यानं याआधी कधी दारू सोडून पाहिली होती का, हे मी ताईंना विचारलं. तो दर श्रावणात सोडायचा. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. "महिनाभर सोडू शकतो, म्हणजे मला व्यसन नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण मागच्या श्रावणात तिसऱ्या रात्री तो घामानं भिजला होता, हात थरथरत होते आणि भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून बोटांनी त्या वेचत बसला होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं झालंय. देवऋषाकडे नेलं, अंगारा लावला. तिकडून परत येताना दिरानं त्याला दारू पाजली आणि थरथर थांबली, मग गुण अंगाऱ्याच्या नावावर जमा झाला.

हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्याला खोलीत कोंडून सोडवायला जाऊ नका. गळ्यात माळ घालून दारू सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या श्रद्धेपुढे मी नमते. पण अंगाला थरथर सुटली असेल तर माळेच्या जोडीला डॉक्टर हवाच.

मग ताईंना विचारलं, त्यांच्यासाठी घरात तुम्ही काय काय लपवता? यादी त्यांनीच केली. सुपरवायझरला फोन करून "ताप आलाय" सांगणं. टपरीवरची उधारी पोराच्या फीमधून फेडणं. बाथरूममधल्या बंबामागची बाटली दिसूनही न दिसल्यासारखं करणं. आठवीतला मुलगा शाळेतून आलेली पालकसभेची चिठ्ठी दप्तरातच ठेवायचा, वडील पिऊन आले तर, म्हणून. तो घरात कुणालाच काही सांगत नव्हता. त्या पोराचा विचार माझ्या मनातून कित्येक दिवस गेला नाही.

पुढचे पाच आठवडे ताई एकट्याच येत होत्या. सुपरवायझरला फोन करणं बंद झालं. उधारी बंद झाली. पहिल्याच खाड्याचा पगार कापला गेला तेव्हा घरात आदळआपट झाली. मार बसण्याची भीती असेल तर थांबू नका, पोराला घेऊन जाऊबाईंकडे जा, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या गेल्याही. अल-अनॉन या मदतगटाच्या सभेला त्या पहिल्यांदा बसल्या, तिथे सगळ्या दारुड्यांच्या घरच्याच बायका. "मॅडम, मी काही बोललेच नाही. पण सगळ्या माझंच बोलत होत्या."

आणि मग पुड्यांचं सांगणं. मी म्हटलं, सकाळी सांगा, तो प्यायलेला नसताना. सोबत दीर असू द्या. ताईंनी उरलेल्या सात पुड्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला घातलं. चुकलं माझं. पण मला दुसरं काही सुचलं नव्हतं." तो ओरडेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तो बराच वेळ पुड्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं."

नऊ दिवसांनी तो स्वतः आला. आधी दवाखान्यात राहून, औषधं आणि व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं घेऊन, शरीरातली दारू उतरवली. नंतर तपासण्या करून डॉक्टरांनी डायसल्फिरामबद्दल विचारलं, तेव्हा त्यानं होकार दिला. आता ती गोळी तो रोज सकाळी ताईंसमोर स्वतःच्या हातानं घेतो. वैशाखात भाच्याच्या लग्नात पाय घसरला. आधी चार दिवस गोळी चुकवली होती, पण नशीब की निभावलं. दुसऱ्या दिवशी फोन त्यानंच केला, ताईंनी नाही. माझ्या हिशेबात तो फोन फार मोठा आहे.

तुमच्या घरी हेच चालू असेल तर खांबावरच्या नंबराऐवजी १४४४६ लावा, ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पिणारा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या या. ताईही एकट्याच आल्या होत्या.

परवा ती दोघं आली होती. तो बाहेर पाणी प्यायला गेला तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "सात महिने झाले, मॅडम. पण ताट वाढलं की आमटीचा अजून वास घेतात आधी."

"मग तुम्ही काय करता?"

"घेऊ देते. त्यांचा घेऊन होईपर्यंत मीही जेवायची थांबते."