आइसलँडिक शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. मी-तू-तो ही सर्वनामं लक्षात कशी ठेवायची? तक्ता पाठ करू का?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजीतून बनवलेला सर्वनामांचा तक्ता तीन आठवडे भिंतीवर लावलाय, रोज घोकता, आणि बोलायची वेळ आली की 'येग', 'मिग' की 'म्येर' यातच गाडी अडते. तो तक्ता आधी भिंतीवरून काढा. पाठांतराला माझा विरोध नाही. मराठी माणसाने ही भाषा इंग्रजीच्या दारातून शिकायला जावं, याला मात्र आहे, आणि तो जुना आहे. (उच्चार देवनागरीत जमतील तसे लिहितेय. 'थू', 'थाद' यांतला थ जीभ दातांमध्ये ठेवून म्हणायचा, आपल्या थाळीतला नव्हे.)

मी २०१७ पासून रेक्याविकमध्ये आहे. आल्यावर काही महिन्यांतच एका लेइकस्कोलीत, म्हणजे बालवाडीत, मदतनीस म्हणून लागले. संध्याकाळी भाषेचा वर्ग असायचा आणि तिथं सगळं इंग्रजीतून चालायचं. वर्गात मिळालेला तक्ता मी तुमच्यासारखाच पाठ केला होता, धडाधड म्हणून दाखवायचे. डिसेंबरातली एक सकाळ, साडेदहा वाजले होते आणि अजून नीट उजाडलं नव्हतं. इथं बर्फ असो वा पाऊस, मुलं बाहेर खेळतातच. मी कुंपणाशी उभी होते, हातमोजे आतच राहिलेले. बर्फात बसलेली चार वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "येग एर कॉल्द." इंग्रजीत 'आय ॲम कोल्ड' म्हणतात, तर मी म्हणजे 'येग', आहे म्हणजे 'एर'. व्याकरणात चूक नव्हती, स्त्रीलिंगसुद्धा बरोबर होतं.

तिने स्वतःचा मोजा काढला, माझ्या बोटांना हात लावून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली. "याउ, थू एर्त कॉल्द." हो, तू थंड आहेस. म्हणजे हाताला गार लागतेस, फरशी लागते तशी. मग तिने स्वतःकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "म्येर एर काल्त."

मी तिथंच उभी राहिले. 'म्येर' हा तक्त्यातला तिसरा खण, मी शंभर वेळा म्हटलेला. पण त्या क्षणी मला ऐकू आलं ते 'मला'. मला थंडी वाजतेय. 'मी थंड आहे' असं मी सांगलीत जन्मात कधी म्हटलं नव्हतं, माझ्या आईनेही नव्हतं. ही चूक माझ्या भाषेतून आलीच नव्हती. ती इंग्रजीतून आली होती आणि मी ती वर्गाची फी भरून शिकले होते.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर नवा तक्ता केला, मराठीतून. म्येर फिन्स्त म्हणजे मला वाटतं. म्येर लेइदिस्त म्हणजे मला कंटाळा आलाय. मिग लाउंगार इ काफी, मला कॉफी हवीशी वाटतेय. मिग द्रेइम्दी, मला स्वप्न पडलं. इंग्रजीत स्वप्न 'मी' बघतो. आपल्याकडे ते आपल्याला पडतं आणि इथंही माणूस द्वितीयेतच असतो. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्याला हे समजावताना वर्गात अर्धा तास गेला होता. तुम्हाला अर्धा मिनिटही लागायला नको.

आता 'मिग' की 'म्येर', हा तुमचा खरा प्रश्न. शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवा. द्वितीया स, ला, ते आणि चतुर्थीही स, ला, ते. प्रत्यय तेच तर विभक्ती दोन कशाला, असं आम्ही बाईंना विचारायचो. त्या म्हणायच्या, रूप बघू नका, काम बघा, कर्म आहे की कोणाला काही दिलंय ते बघा. आइसलँडिकमध्ये या दोन कामांना रूपंही वेगळी आहेत: बहुतेक वेळा कर्माला 'मिग', देण्याघेण्याला 'म्येर'. आणि अनेकवचनात आपल्यासारखीच गंमत आहे, 'आम्हाला' दोन्हीकडे 'ओक्कुर' आणि 'तुम्हाला' दोन्हीकडे 'इक्कुर'. म्हणजे चार खणांना दोनच शब्द. षष्ठीचं 'मीन' मी तक्त्यातून शिकलेच नाही. 'कोम्दू तिल मीन', माझ्याकडे ये, हे दिवसातून पन्नास वेळा ऐकलं की बसतंच.

लिंगाचं तर बोलायलाच नको. तीन लिंगं आहेत म्हणून लोक रडतात. आपण तो, ती, ते म्हणतच मोठे झालो, तर हान, हून, थाद. अनेकवचनात थेइर, थाइर, थॉय. यातलं तिसरं नपुंसकलिंगी, आणि पुरुष व बाया एकत्र असले की हेच वापरतात. इंग्रजीवाल्यांना हे विचित्र वाटतं. आपण काय म्हणतो? मुलगे आले, मुली आल्या, आणि दोन्ही मिळून मुलं आली. ती मुलं. तेच 'थॉय'. 'माझा, माझी, माझं'सुद्धा आहे: पाब्बी मिन, माम्मा मीन, बार्निद मित्त. माझे बाबा, माझी आई, माझं मूल. फक्त नावानंतर लावायचं.

आणखी एक, कारण यावरून माझ्यासमोर रोज रडारड व्हायची. लोकरीची टोपी म्हणजे हूवा. 'हान तोक हूवुना सीना' म्हणजे त्याने आपली टोपी घेतली. 'हान तोक हूवुना हान्स' म्हणजे त्याने त्याची, दुसऱ्या कुणाची तरी, टोपी घेतली. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'. बालवाडीत हा फरक कळला नाही तर चोर कोण हेच कळत नाही. मराठीत 'आपली' आणि 'त्याची' आहेच.

आता हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय ते सांगते. बाबांनी मला मराठी शाळेत घातलं तेव्हा काका घरी येऊन भांडले होते. पोरीला विहिरीत ढकलतोयस, उद्या परदेशात गेली तर काय 'स ला ते' म्हणणार का, असं ओसरीवर उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाबा काही बोलले नाहीत. ते फार बोलायचे नाहीत. मी इथं आल्यावरही काकांचं फोनवर तेच: तिथं सगळ्यांना इंग्रजी येतं, कशाला त्रास घेतेस. येतं, खरंच येतं. पण चार वर्षांच्या मुलीला येत नाही आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा इंग्रजीत होत नाहीत. इंग्रजीवर राहिलेली माझ्या ओळखीची माणसं वर्षानुवर्षं टेबलाच्या कडेला बसून आहेत. काका, मी परदेशात गेले आणि रोज 'स ला ते' म्हणतेय, त्यावरच माझं चाललंय. बाबा असताना हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग स्वप्न पडलं हे कसं म्हणतात ते परत म्हण बघू."

काही गोष्टी राहिल्या. मराठीवरही डोळे मिटून विसंबू नका. आपल्याला भूक लागते, पण इथं 'येग एर स्वॉयंग', मी भुकेली आहे, म्हणजे प्रथमाच. आई-बाबा आपल्याकडे 'ते', इथं 'थॉय'. आम्ही आणि आपण यांतला फरक इथं नाही, दोन्हीला 'विद'. 'मिग लाउंगार'ऐवजी 'म्येर लाउंगार' म्हणणारे आइसलँडिक लोक तुम्हाला भेटतील. या प्रकाराला इथं नावच 'चतुर्थीचा आजार' असं आहे, पण परीक्षेत 'मिग'च लिहा. 'हाउन' हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम आता वापरात आहे, कुणी स्वतःसाठी सांगितलं तर तेच वापरायचं. रूपांची शंका आली तर आर्नी माग्नुसॉन संस्थेचा 'बीन' हा रूपांचा संग्रह बघा, फुकट आहे. आइसलँड विद्यापीठाचा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा अभ्यासक्रमही फुकट आहे.

आणि 'तुम्ही' शोधू नका. आदरार्थी 'थ्येर' पूर्वी होतं, आता बोलण्यातून गेलंय. १९८० साली निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांनाही लोक नुसतं विग्दिस म्हणतात. माझ्या बालवाडीत साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या, माझ्या आईपेक्षा मोठ्या. त्यांना 'थू' म्हणायला जीभ वळेना, म्हणून कित्येक महिने मी सर्वनाम टाळूनच बोलायचे, नुसती किटली दाखवायचे. शेवटी एकदा 'विल्तू काफी?' (कॉफी हवी का तुला?) तोंडातून गेलं. यात 'थू' क्रियापदाला चिकटून 'तू' होतं, अगदी आपला तू. त्यांनी कप पुढे केला.