३ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला २५ हजार हातात येतात का? पहिलीच नोकरी आहे, एचआरला विचारलं तर चालेल का?

नाही येत. त्या ३ लाखांत कंपनीचा पीएफचा (म्हातारपणासाठीच्या बचतीचा) वाटा बहुतेकदा धरलेला असतो, कधी ग्रॅच्युइटीही (बरीच वर्षं काम केल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम). बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५ हजार असेल तर १२ टक्क्यांनी १८०० कंपनीचे, १८०० तुमच्या पगारातून. म्हणजे ३६०० इथेच गेले. (तुमच्याच पीएफ-पेन्शनमध्ये जातात म्हणा, पण कॉट बेसिसचं भाडं त्यातून निघत नाही.) वर महाराष्ट्रात व्यवसाय कर: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजारांपर्यंत माफ.

विचारा की बिनधास्त! फक्त पहिल्या फेरीत नको. एचआर पगारावर आली की म्हणायचं, "मॅडम, इन-हँड किती पडेल? पगाराचा ब्रेकअप, म्हणजे कशाचे किती, मेल कराल का?" मी लाजून गप्प बसलो होतो, पहिली स्लिप बघून तोंड पडलं.