पुण्याजवळ १५० एकर जमीन आहे, गोल्फ कोर्सचा डिझायनर कसा गाठायचा?

अमेरिकन सोसायटी ऑफ गोल्फ कोर्स आर्किटेक्ट्सच्या सदस्ययादीतून उष्ण हवामानात काम केलेले तीन-चार जण निवडा. नुसते ड्रोनचे फोटो पाठवू नका. जमिनीचे चढउतार दर अर्ध्या मीटरला दाखवणारा कंटूर नकाशा, मातीचा अहवाल आणि मे महिन्यात पाणी कुठून आणणार, हे कळवा. आधी फक्त राउटिंग, म्हणजे कुठला होल जमिनीवर कुठून कुठे जाईल याची आखणी, पैसे देऊन करून घ्या. १८ होलना साधारण १२० ते १५० एकर लागतात, म्हणजे बंगल्यांचे प्लॉट आधी पाडलेत तर कोर्स बसणारच नाही. डिझायनर म्हणून मोठ्या खेळाडूचं नाव घेणार असाल तर साइटवर प्रत्यक्ष कोण, किती वेळा येणार ते करारात लिहा. ग्रीनखाली (चेंडू टाकायच्या भोकाभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) १० सेंमी खडी, वर ३० सेंमी चाळलेली वाळू: ठेकेदार नेमकी इथेच मातकट वाळू खपवतो आणि पहिल्याच पावसाळ्यात ग्रीनचं तळं होतं.