सगळ्यांनाच इस्लामी राज्य हवंय, मग आपसात भांडण कशाचं?

प्रश्न: नमस्कार ताई, इराणमध्ये इस्लामी राजवट आहे, सौदीत पण शरियाच आहे आणि आयसिसने तर थेट खिलाफत (प्रेषितांच्या वारसाचं, म्हणजे खलिफाचं राज्य) जाहीर केली होती. मग हे सगळे एकमेकांचे इतके कट्टर वैरी कसे काय? राज्य कसं चालवायचं हे कुराणात एकदाचं लिहून ठेवलेलं नाहीये का?

उत्तर: नाही, लिहिलेलं नाहीये, आणि बरीचशी भांडणं तिथूनच सुरू होतात. न्यायाने वागा, आपसात सल्लामसलत करा असं कुराणात आहे, लग्नाचे-वारशाचे नियम आहेत, पण राज्यकर्ता कोणी निवडायचा, किती वर्षांसाठी, आणि तो चुकला तर त्याला काढायचा कसा यावर काही ठरलेली पद्धत नाही. 632 मध्ये प्रेषित मुहम्मद गेले आणि लगेच वाद झाला तो यावरूनच. मदिनेत जमलेल्यांनी अबू बक्र यांना नेता मानलं, दुसरे म्हणत राहिले की हक्क प्रेषितांचे जावई अलींचा होता, सुन्नी-शिया फुटीचं मूळ हेच. पहिल्या चार खलिफांपैकी तिघांचा खून झाला, आणि मग त्यानंतर खलिफा झालेल्या मुआवियांच्या घराण्यापासून गादी बापाकडून मुलाकडे जायला लागली.

पुढची अनेक शतकं साधारण असं चाललं की तलवार सुलतानाकडे आणि शरियाचा अर्थ लावायचं काम उलेमांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे, त्यातही कायद्याच्या हनफी परंपरेतले एक सांगणार, शाफई परंपरेतले दुसरंच, आणि दोन्ही चालायचं.

आज आपण ज्याला इस्लामी राज्याची कल्पना म्हणतो ती मात्र बरीचशी 20व्या शतकातली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 3 मार्च 1924 ला तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफतच रद्द केली. पुढच्याच वर्षी इजिप्तमधल्या अली अब्दुल राझिक या शरिया कोर्टाच्या न्यायाधीशाने लिहिलं की खिलाफत हा धर्माचा भाग नाहीच, तर कैरोच्या अल-अझहर या धर्मविद्यापीठाच्या उलेमांनी त्यांची पदवी काढून घेतली. 1928 मध्ये हसन अल-बन्ना या शाळामास्तरांनी इजिप्तमध्येच मुस्लिम ब्रदरहूड ही इस्लामी संघटना सुरू केली. आपल्या उपखंडातले विचारवंत मौदुदींनी मांडलं की सार्वभौमत्व फक्त अल्लाचं, आणि ब्रदरहूडचे लेखक सय्यद कुत्ब यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या तुरुंगात ते आणखी टोकाला नेलं, म्हणजे आजचा समाजच मुळात इस्लामच्या बाहेर गेलाय असं. 1966 मध्ये त्यांना फाशी दिली, विचार काही संपला नाही. ज्या छळात हे लिहिलं गेलं तो छळ बाजूला ठेवून कुत्ब कळणारच नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्याने त्या विचाराचा धोका कमी होत नाही.

आता इराण. शियांची जुनी भूमिका अशी होती की अलींच्या वंशातले बारावे इमाम अदृश्य आहेत, ते परत येईपर्यंत धर्मगुरूंनी मार्गदर्शन करावं, गादीवर बसू नये. इराणच्या क्रांतीचे नेते खोमेनींनी 1970 मध्ये इराकच्या नजफ शहरातल्या व्याख्यानांत हे उलटं केलं, धर्मशास्त्रज्ञानेच राज्य करावं असं मांडलं आणि 1979 नंतर ते संविधानात आलं. अनेक मोठ्या आयातुल्लांना, म्हणजे ज्येष्ठ शिया धर्मगुरूंना, ते पटलं नव्हतं. त्याच नजफमधले आयातुल्ला सिस्तानी बघा, 2003 मध्ये अमेरिकन प्रशासन इराकचं संविधान नेमलेल्या लोकांकडून लिहून घ्यायला निघालं तेव्हा त्यांनी फतवा काढला की लिहिणारे लोकांनी निवडून दिलेले पाहिजेत, आणि स्वतः मात्र कुठलंही पद घेतलं नाही.

सौदी राजघराण्याचा आधार वेगळा, 1744 च्या सुमारास सौद घराणं आणि धर्मोपदेशक मुहम्मद बिन अब्दुल वहाब यांच्यात झालेला करार. आता खोमेनी म्हणाले की राजेशाहीच इस्लामविरोधी आहे, म्हणजे रियाधच्या राजाच्या गादीलाच हात घातला ना! त्यात तेल, सीमा, अमेरिकेशी संबंध हे सगळं मिसळलेलं आहेच, नुसत्या धर्मग्रंथातून हे वैर समजणार नाही.

आयसिसचं तर विचारूच नका. 2014 मध्ये त्यांचा म्होरक्या बगदादीने खिलाफत जाहीर केल्यावर काही महिन्यांतच जगभरातल्या 120 हून जास्त मुस्लिम विद्वानांनी त्याला खुलं पत्र लिहून मुद्द्यामुद्द्याने खोडून काढलं. सिस्तानींनी आयसिसविरुद्ध लढायला लोकांना हाक दिली, आणि 2017 मध्ये आयसिसकडून इराकमधलं मोसुल शहर परत घेताना अमेरिकेची विमानं वर असली तरी गल्लोगल्ली लढून जीव दिला तो इराकी सैनिकांनी, आणि त्यातले बहुतेक मुस्लिमच होते.